घराची भिंत आणि 'संवर्धित वास्तव'

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



'नवे तंत्रज्ञान आणि आपले घर' या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी सूचना संयोजकांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. १९८१ साली बी. कॉम. झालो आणि दुसऱ्याच महिन्यात वडिलांच्या शेजारी दुकानाच्या गादीवर बसलो. तेव्हापासून कापडाचे ताके उलगडणे आणि घडी घालून ठेवणे एवढेच केले. संगणकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु संयोजक म्हणाले, "अण्णा, तुमच्या दुकानात पडदे आणि भिंतीवरची सजावट लोक मोबाईलवर पाहून घेतात. तुम्ही जे पाहिले तेच सांगा." या अटीवर मी येथे उभा आहे. मी तज्ज्ञ म्हणून बोलत नाही. चार पैसे गमावून जे शिकलो ते आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम विषयाचे नाव समजून घेऊ. इंग्रजीत याला 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणतात, थोडक्यात 'एआर'. मराठीत 'संवर्धित वास्तव' हा शब्द रूढ होत आहे. डोळ्यांवर जाड चष्मा चढवून संपूर्णपणे निराळ्याच जगात जाणे, त्याला आभासी वास्तव म्हणतात. संवर्धित वास्तवात आपण आपल्याच घरात उभे असतो. मोबाईलचा कॅमेरा समोरच्या भिंतीकडे धरला की पडद्यावर आपलीच भिंत दिसते, आपलाच पंखा, आपलेच कॅलेंडर दिसते, आणि त्या भिंतीवर प्रत्यक्षात नसलेले एक चित्र टांगलेले दिसते. आपण डावीकडे सरकलो तरी चित्र जागचे हलत नाही. जवळ गेलो की मोठे दिसते, मागे आलो की लहान. वास्तव आहे तसेच राहते, त्यात एका वस्तूची भर पडते, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना कालची नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञाने १९६८ साली डोक्यावर घालावयाचे एक यंत्र तयार केले होते. ते इतके जड होते की छताला टांगून ठेवावे लागे. त्यातून पाहणाऱ्याला खोलीच्या अवकाशात संगणकाने काढलेल्या साध्या रेषाकृती तरंगताना दिसत. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे नाव १९९० च्या सुमारास बोइंग या विमाने बनविणाऱ्या कंपनीतील टॉम कॉडेल यांनी दिले असे मानले जाते. विमानात तारांचे जुडगे असंख्य असतात. कोणती तार कोठून न्यावयाची, हे कामगाराला हातातील फळीवरच दिसावे, असा तो विचार होता. म्हणजे विमानाच्या कारखान्यासाठी योजलेली ही युक्ती पंचवीस-तीस वर्षांनी आपल्या दिवाणखान्यात आली.

दिवाणखान्यात तिला आणण्यात स्वीडनच्या आयकिया या फर्निचर कंपनीचा मोठा वाटा आहे. या कंपनीने २०१३ साली एक प्रयोग केला. कंपनीचा छापील कॅटलॉग जमिनीवर ठेवावयाचा, त्याकडे मोबाईल धरावयाचा, की त्या जागी खुर्ची किंवा कपाट उभे दिसे. कॅटलॉगचा आकार मोबाईलला ठाऊक असे, त्यावरून तो कपाटाचा आकार ठरवी. पुढे २०१७ साली ॲपल आणि गुगल या दोन्ही कंपन्यांनी मोबाईललाच मापाची समज देणारी प्रणाली जाहीर केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आयकियाने सुमारे दोन हजार वस्तू घरात ठेवून पाहता येतील असे ॲप आणले. आता कॅटलॉग जमिनीवर ठेवण्याची गरज उरली नाही, आणि २०२० च्या अखेरीस कंपनीने तो छापील कॅटलॉगच बंद करीत असल्याचे जाहीर केले. आमच्याकडे आजही नमुन्यांच्या जाडजूड फायली आहेत, म्हणून ही बातमी मी जरा दोनदा वाचली होती.

यात एक गंमत आहे. २०१७ साली मोबाईलला जमीन आणि टेबल ओळखता येत होते, भिंत ओळखता येत नव्हती. सोफा ठेवता येई, परंतु सोफ्याच्या वर चित्र टांगता येत नसे. उभे पृष्ठभाग ओळखण्याची सोय २०१८ साली आली, आणि तेव्हापासून भिंतीच्या सजावटीचा हा व्यवहार खऱ्या अर्थाने सुरू झाला.

मोबाईलला भिंत कशी समजते, हे मी माझ्या चिरंजीवांकडून समजून घेतले. आपण एस.टी.तून प्रवास करतो तेव्हा रस्त्याकडेचे खांब भराभर मागे जातात आणि लांबचा डोंगर मात्र सावकाश सरकतो. त्यावरून जवळ काय आणि दूर काय, हे आपल्याला कळते. मोबाईल तेच करतो. आपण तो हळूहळू फिरवला की भिंतीवरील खिळा, डाग, चौकटीचा कोपरा असे शेकडो ठिपके तो टिपतो आणि कोणता ठिपका किती सरकला ते पाहतो. मोबाईल स्वतः किती हलला, हे त्यातील हालचाल मोजणारे लहानसे उपकरण सांगते. या दोहोंचा मेळ घातला की अंतर आणि माप निघते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हा गजाशिवाय घेतलेला गज आहे.

परंतु ज्या भिंतीवर काहीच नाही, नुकताच रंग दिला आहे, डाग नाही, खिळा नाही, अशा कोऱ्या भिंतीपुढे हे यंत्र गोंधळते. टिपावयास ठिपकेच नसतात. चित्र एकतर लागत नाही किंवा लागले तर सरकत राहते. आणि सजावट तर माणूस नेमकी अशाच भिंतीची करावयास निघतो! त्यावर उपाय सोपा आहे. भिंतीवर एखादे वर्तमानपत्र चिकटपट्टीने लावावे, खोलीत भरपूर उजेड करावा, आणि मोबाईल प्रथम भिंत व जमीन मिळते त्या रेषेवर धरावा. २०२० पासून काही महागड्या मोबाईलमध्ये प्रकाशकिरण सोडून अंतर मोजण्याची सोय आली आहे. त्यांना ही अडचण पुष्कळच कमी येते.

या यंत्राचा खरा उपयोग मापासाठी आहे, हे मी अनुभवाने सांगतो. दुकानातील चित्र दुकानात मोठे वाटते आणि घरी नेले की लहान दिसते, हा तक्रारीचा विषय मी कित्येक वर्षे ऐकत आलो. सोफ्यावरचे चित्र सोफ्याच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश असावे, आणि चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर यावा, असा सजावटीतील सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत चित्रे यापेक्षा फार वर, जवळजवळ छताला टेकवून लावलेली असतात. पूर्वी आम्ही ग्राहकाला सांगत असू की, त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद भिंतीवर दोन दिवस लावून पाहा. आज तेच काम मोबाईल दोन मिनिटांत करतो. भिंतीला एकही भोक न पाडता दहा चित्रे दहा जागी लावून पाहता येतात, ही लहान सोय नव्हे.

चित्र घरोघरी पोहोचण्याची अशी एक क्रांती आपल्या महाराष्ट्रात पूर्वीही झालेली आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. राजवाड्याच्या भिंतीवर शोभणारे चित्र त्यामुळे सामान्य माणसाच्या ओटीवर आले. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने एक आनंदाची गोष्ट अशी की, कित्येक घरांतून त्या छापील चित्रांतील साड्यांवर खऱ्या कापडाचे तुकडे, जर आणि टिकल्या लावून ती सजविली जात. छापील चित्राला हात लावला तर कागदच लागतो, म्हणून घरच्या बायकांनी त्यावर कापड चढविले असावे, असे मला वाटते. माणसाला नुसते पाहून समाधान होत नाही, त्याला स्पर्शही हवा असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवून आता माझी स्वतःची चूक सांगतो.

२०२२ सालची दिवाळी जवळ आली होती. चिरंजीवांनी त्याआधी काही महिने आमच्या दुकानातील निवडक कापडे एका ॲपवर चढविली होती. त्या ॲपचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्याचा नव्हता. आमच्याकडे दोन पिढ्या येणाऱ्या एका घरची मुलगी पुण्यात स्थायिक झालेली. तिने नवा फ्लॅट घेतला. दिवाणखान्यात दोन खिडक्या आणि मधल्या भिंतीवर एक मोठे कापडी पॅनेल, असे तिने ठरविले. मोरपंखी रंगाचे एक कापड तिने मोबाईलवर स्वतःच्या खिडक्यांवर लावून पाहिले, तेच कापड पाच फूट बाय तीन फुटांच्या चौकटीत भिंतीवर लावून पाहिले, आणि आम्हाला फोन केला, "काका, अगदी मनासारखे आहे. यायला सवड नाही, तुम्ही शिवूनच पाठवा."

प्रत्येक खिडकी सहा फुटांची. पडद्याला चुण्या नीट पडावयाच्या तर दुप्पट कापड धरावे लागते. पन्ना ४८ इंचांचा, म्हणजे एका खिडकीला तीन पट्टे. दोन्ही खिडक्यांचे मिळून सुमारे पंधरा मीटर कापड, शिवाय अस्तर, शिलाई आणि पॅनेलची चौकट. माप तंतोतंत बसले. आठव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. "काका, मोबाईलवर पाहिला तो हा रंग नाही. सगळी खोली मळकट दिसते. पाडव्याला सासरची मंडळी येणार आहेत."

चिरंजीव त्याच ताक्याचा तुकडा घेऊन पुण्यास गेले. कापड तेच होते, ताका तोच होता. परंतु तिच्या दिवाणखान्यात पिवळसर प्रकाशाचे दिवे होते. आमच्या ॲपवरील छायाचित्र दुकानातील पांढऱ्या ट्यूबलाईटखाली काढलेले होते. पिवळसर प्रकाशात निळा अंश मुळातच कमी असतो, त्यामुळे निळ्या रंगाची कळा जाते. मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश बाहेर टाकतो, कापड मात्र त्याच्यावर पडेल तोच प्रकाश परत देते. म्हणून पडद्यावरचा रंग आणि कापडाचा रंग तंतोतंत एक होणे अवघड असते. दोन कापडे दिव्याखाली एकसारखी दिसतात आणि उन्हात निरनिराळी निघतात, हे तर आमच्या व्यवसायातील पोरासोरांनाही माहीत असते.

माझे वडील गडद रंगाचे कापड ग्राहकाला दुकानाच्या आत कधीही विकत नसत. ताका खांद्यावर टाकून ते ग्राहकाला उंबऱ्याबाहेर, उन्हात घेऊन जात आणि म्हणत, "येथे पाहा, मग बोला." पुढे दुकानात ट्यूबलाईट आल्या, गर्दी वाढली, तरी ती पद्धत मी बव्हंशी सांभाळली. ॲप आले आणि आम्ही उंबरा विसरलो. यंत्राने भिंत तिच्या घरची दाखविली, म्हणून उजेडही तिच्या घरचाच दाखविला असेल, असे तिने गृहीत धरले. आम्हीही तिला सावध केले नाही.

दुकानात त्या रात्री वाद झाला. चिरंजीवांचे म्हणणे नियमाला धरून होते. "अण्णा, कापलेले कापड परत घेतले जाणार नाही, अशी पाटी आपणच लावली आहे. तिनेच पसंत केले, तिनेच माप दिले. आपला दोष कोठे?" मी म्हणालो, "पाटी दुकानात येऊन, कापड हाताळून घेणाऱ्यासाठी आहे. तिने कापड पाहिलेच नाही, तिने आपण दाखविलेले चित्र पाहिले. नमुना आपला, मग शब्दही आपला." पडदे आणि पॅनेल आम्ही परत आणले. दुसऱ्या दोन रंगांचे हातभर तुकडे तिच्याकडे पाठविले. तिने ते रात्री आणि दिवसा लावून पाहिले, त्यांतला एक निवडला, आणि कारागिराला दोन रात्री बसवून पाडव्याच्या आदल्या दिवशी पडदे पोहोचते केले. परत आलेल्या कापडाच्या उशांचे अभ्रे झाले, उरलेले तुकडे कटपीसमध्ये गेले. चिरंजीवांनी ती रक्कम नुकसान खाती टाकली. मी ती खोडून प्रशिक्षण खर्चात लिहावयास सांगितली. बी. कॉम.चा मला झालेला हा अलीकडचा उपयोग!

ते मोरपंखी पॅनेल मात्र आम्ही दुकानातच लावले आहे. ॲपवरून कापड पसंत करून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही प्रथम तेच पॅनेल मोबाईलवर दाखवितो आणि मग प्रत्यक्ष दाखवितो. दोन्हींमधील फरक तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर माप मोबाईलवर पाहिले तरी टेपने पुन्हा घेतो. कापडाचा हातभर तुकडा त्याच्या घरी एक दिवस आणि एक रात्र ठेवावयास देतो. आणि पोत, जाडी, चुणीची पडण, धुतल्यानंतर आटण्याचे प्रमाण या गोष्टी मोबाईल सांगू शकत नाही, म्हणून त्या आम्ही तोंडाने सांगतो. यामुळे काही विक्री लांबते, काही हातची जाते, पण रंगाची तक्रार घेऊन माघारी येणारे ग्राहक आता विरळाच.

आणखी एक सावधगिरीची सूचना. भिंतीकडे धरलेला कॅमेरा केवळ भिंत पाहत नाही. खोली, कपाट, घरातील माणसे हे सर्व त्याच्या नजरेत येते. म्हणून कोणत्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी देतो, ते नीट वाचून द्यावी आणि काम झाल्यावर ती काढून घ्यावी. परक्या माणसाला आपण माजघरात नेत नाही, तोच विवेक येथेही असावा.

आता माझ्या स्वतःच्या घराविषयी सांगून आपली रजा घेतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आमच्या सांगलीच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले. भिंतीवरचे बरेचसे गेले. आईने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दुसुतीवर भरलेले राव्यांचे चित्र तेवढे वाचले, तेही खालच्या कडेला डाग पडून. घराची दुरुस्ती झाली, रंग झाला, आणि दिवाणखान्याची चौदा फुटांची भिंत पुष्कळ दिवस रिकामी राहिली. सूनबाईंनी एकदा मोबाईलवर त्या भिंतीवर नाना तऱ्हेची चित्रे लावून दाखविली. वारली शैलीतले होते, निसर्गदृश्य होते, आधुनिकही होते. प्रत्येक चित्र शोभत होते. परंतु सौभाग्यवती प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणत आणि पुढे काही बोलत नसत.

शेवटी सूनबाईंनी त्या भरतकामाचेच छायाचित्र काढले, त्याचे खरे माप घातले, अठरा इंच बाय चोवीस इंच, आणि ते मोठ्या भिंतीवर लावून दाखविले. एवढ्या भिंतीवर ते अगदी हरवून गेले. मग त्यांनी तेच चित्र जेवणघराच्या दाराशेजारील अरुंद भिंतीवर धरले. तेथे ते असे बसले की जणू ती भिंत त्याच्यासाठीच सोडली होती. सौभाग्यवती चटकन म्हणाल्या, "येथेच. आणि डाग झाकू नका." दुसऱ्याच दिवशी खिळा ठोकला. आज आम्ही जेवावयास बसतो तेव्हा ते राघू समोर असतात. मोठ्या भिंतीवर काय लावावे, हे अजून ठरलेले नाही, आणि घाईही नाही.

मित्रहो, ते चित्र कोठे शोभेल हे यंत्राने आम्हाला फार चांगले दाखविले. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. परंतु इतकी चित्रे पाहूनही सौभाग्यवतींचे मन आईच्या चित्रावरच का स्थिरावले, हे त्या यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपण ग्राहक असाल तर मोबाईलवर अवश्य पाहा, दहा वेळा पाहा, पण रंग आणि पोत हातात घेऊन, आपल्या घरच्या उजेडात पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. आपण व्यापारी असाल तर यंत्र काय दाखविते याबरोबर काय दाखवीत नाही, तेही ग्राहकाला आधी सांगा. वडिलांचा उंबरा आता मोबाईलमध्ये गेला असला, तरी ग्राहकाला उजेडात नेण्याची जबाबदारी आपलीच आहे.